हात बसला असं मी लिहिलं होतं

निवृत्त झाल्यावर वर्षभरात एका प्रकाशकाने मला विचारलं, आर्थिक इतिहासावर सोप्या मराठीत एक पुस्तक लिहाल का? हजारो वर्षं जगातली बहुतेक माणसं सारखीच गरीब राहिली, आणि मग गेल्या दोन-अडीचशे वर्षांत असं काय झालं की पोटभर अन्न, औषध, शाळा, पायात चप्पल या गोष्टी साध्या घरांतसुद्धा आल्या? हाच प्रश्न मी चिंचवडच्या एका कॉलेजात आयुष्यभर शिकवला होता. मी लगेच हो म्हटलं.

मला या आर्थिक वाढीबद्दल शंका नव्हती, आणि ती पुस्तकं वाचून गेली होती असंही नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाकणजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या आईला आठ मुलं झाली, त्यातली तीन जगली. कंपनीत लागल्यावर आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले तेव्हा अण्णांच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. त्यांची मुलगी अर्थशास्त्राची प्राध्यापिका झाली. वर्गात कुणी पोरगं उठून म्हणालं, "मॅडम, कारखान्यांनी वाट लावली आपल्या गावांची," तर मी त्याला शांतपणे विचारायची, तुझ्या पणजीची किती मुलं गेली ते घरी विचारून ये. बहुतेक जण परत येऊन गप्प बसायचे.

पुस्तकात मला बाहेरच्या देशांच्या गिरण्या आणि वाफेची इंजिनं एवढंच नको होतं. आपल्या पट्ट्यातलं काहीतरी हवं होतं. ते मला घरातच सापडलं. अण्णा तरुणपणी भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. स्कूटरला लागणारे पत्र्याचे लहान भाग तिथे पॉवर प्रेसवर कापले जायचे. वरून पंच, म्हणजे कापणारा पोलादी ठोकळा, खाली येतो, खालच्या साच्यावर ठेवलेला पत्रा क्षणात कापला जातो. रोज कोणत्या प्रेसवर किती नग निघाले हे अण्णा खिशातल्या डायरीत लिहीत. अशा सहा डायऱ्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या.

त्या वाचताना मला एक जागा दिसली. एका प्रेसवर महिनोन्महिने नगांचा आकडा जवळपास तेवढाच होता. मग एका आठवड्यात तो एकदम चढला आणि चढलेलाच राहिला. मशीन तेच, पत्रा तोच, कामगारही तीच. हो, तीच. त्या प्रेसवर एक बाई होती आणि मी तिला लहानपणापासून ओळखत होते.

पिंपळे गुरवला आम्ही ज्या चाळीत राहायचो तिथे आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडून आलेलं एक जोडपं होतं. नवरा फाउंड्रीत, बायको अण्णांच्या कारखान्यात. मी तिला काकू म्हणायची. काकूच्या डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून आणि तिसरं अर्ध्यातून गेलेलं होतं. मी अकरावीत असताना ते झालं. "प्रेसमध्ये गेली" एवढंच चाळीत म्हणत, आणि पुढे कुणी विचारत नसे. त्या काळी आमच्या आसपास अशी बोटं गेलेली चार-पाच माणसं तरी होती. काकू त्या हाताने भाकरी थापायची, पाणी भरायची, मला वेणी घालून द्यायची. मीही विचारलं नाही.

पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मी त्या डायरीचा आलेख काढला. उत्पादकता म्हणजे काय हे समजावून सांगायला तो फार चांगला होता. नवं मशीन न आणता, जास्त माणसं न लावता उत्पादन वाढतं ते कसं? सरावाने. मी लिहिलं, "खेड्यातून आलेल्या, कधी यंत्र न पाहिलेल्या एका स्त्रीचा त्या कामावर हात बसला, आणि आकडा वर गेला." पुढे लिहिलं होतं की आज तिची मुलगी माण गावातल्या एका आयटी कंपनीत मोठ्या पदावर आहे आणि चऱ्होलीला त्यांचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. एका पिढीत झालेली झेप. अपघाताचा उल्लेख मी एका वाक्यात केला होता. वाक्य लहान होतं.

नाव घातलं नसलं तरी लिहिलेलं तिला वाचून दाखवावं असं मला वाटलं. खरं तर कौतुक करून घ्यायलाच मी गेले.

एका दुपारी चऱ्होलीला पोचले. सोसायटीच्या दारात पाण्याचा टँकर आडवा उभा होता आणि पलीकडच्या उरलेल्या एका शेतात मेथी होती. काकू आता सत्तरीच्या पुढची. तिने दार उघडलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मुलगी आतल्या खोलीत दार लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये होती. काकू शेंगा सोलत होती. मी वाचायला लागले.

ती लक्ष देऊन ऐकत होती. पणजीची मुलं, पहिले बूट, सगळ्याला मान हलवत होती. "हात बसला" या वाक्यावर तिचा हात थांबला.

"परत वाच गं ते."

मी परत वाचलं.

"हात नाही बसला बाई," ती म्हणाली. "बटण बसवलं होतं."

मला कळलं नाही. तेव्हा तिने ताट बाजूला सरकवलं आणि ओट्याच्या कडेवर दोन्ही तळवे एकमेकांपासून लांब ठेवले. "त्या प्रेसला दोन बटणं असायची. एक इकडं, एक तिकडं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पंच खाली यायचा. म्हणजे हात साच्यात राहायचाच नाही. पण दर येळी हात काढा, दाबा, मग परत पत्रा ठेवा. येळ जातो. एक दिवस सकाळी आले तर डावं बटण दाबूनच ठेवलेलं. लाकडाची पाचर ठोकून वरून तार बांधलेली. मला म्हणले, आता उजव्यानं दाबायचं आन् डाव्यानं पत्रा सरकवायचा. मग काय, नग पडतेत की धडाधड."

"कोण म्हणालं?"

तिला खरंच आश्चर्य वाटलं असावं.

"तुला माहीत नाही? भाऊजींनीच." भाऊजी म्हणजे अण्णा. "तुला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

मग तिने ते सांगितलं. पाचर ठोकल्यावर साधारण दोन महिने काहीच झालं नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक नग साच्यात अडकला. ती डाव्या हाताच्या बोटांनी तो सोडवत होती, आणि उजवा तळवा सवयीने बटणावर गेला. "मी दाबलं नाही बघ. तो आपला आपण गेला. इतक्या दिवसांची चाल पडलेली." दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अण्णा कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं की कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला. तिला सही येत होती. उजवा हात चांगला होता, तिने सही केली. तिची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. काकूला पॅकिंगला घेतलं आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथेच ठेवलं.

मी विचारलं, "तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणापाशी बोलू? तुझ्यापाशी? तू कॉलेजातून आलीस की माझ्याकडं चहा प्यायचीस."

निघताना मी ओशाळून म्हटलं की हे सगळं प्रकरणच काढून टाकते, हा कारखान्यांचा पसारा मुळात असाच आहे. त्यावर ती चिडली. "असं काय म्हणायलीस? मी गावाकडं राहिले असते तर ही पोरगी जगली असती का? माझ्या आईची चार गेली. मला कंपनी नको होती असं मी कुठं म्हणले? बटण नको होतं म्हणले."

तिथून पिंपळे गुरवला माझ्या घरी येईपर्यंत दीड तास लागला. गाडीत मी मनात अण्णांसाठी बचाव तयार करत होते. मालकाने सांगितलं असेल. त्यांना माहीत नसेल. कागद दुसऱ्याने लिहिला असेल.

अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याकडेच राहतात. संध्याकाळच्या चहाला ते गॅलरीत बसलेले होते. मी कपबशी हातात दिली आणि विचारलं, "काकूच्या प्रेसचं डावं बटण कुणी बंद केलं होतं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत.

"मीच," ते म्हणाले. "व्हय. मीच केलं."

"मालकाने सांगितलं होतं?"

"मालक म्हणला, माल दुप्पट पायजे, कसं करायचं तुमी बघा. गेटावर ट्रक उभा. शेजारच्या शेडमंदी सगळ्या प्रेसची बटनं बांधलेली व्हती. आमचीच न्हवती. आमची ऑर्डर तिकडं जायला लागली. मग मी फिटरला बोलावला. पयल्यांदा मी स्वतः बसलो त्या प्रेसवर. पूरा दिवस चालवली. म्हटलं, मला काय झालं न्हाई, मंजी कुणाला न्हाई व्हनार."

"आणि कागद?"

"तो बी माझ्याच अक्षरात हाय."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं. मी म्हटलं असणार की तुम्ही त्यानंतर फोरमन झालात. मी म्हटलं असणार की काकूच्या घरी तुम्ही कधी जेवायला का गेला नाहीत ते आत्ता कळलं. दिवाळीला फराळाचं ताट तुम्ही नेहमी माझ्या हाती पाठवायचात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तू आकडा खोडू नको. आकडा खरा हाय. तेवढे नग निघाले व्हते."

मला या वाक्याचा फार राग आला, कारण ते बरोबर होतं. नग खरोखर निघाले. ते स्कूटरींना लागले, त्या स्कूटरींवर माणसं कामाला गेली, मुलं शाळेत गेली. आकड्यात काही खोटं नव्हतं. खोटं मी लिहिलेलं कारण होतं. आकडा का वाढला हे मी डायरीला विचारलं आणि डायरीने जे सांगितलं नाही ते स्वतःच्या मनाने भरून काढलं. तिथून पाच पावलांवर ती बाई राहत होती, तिला विचारायचं मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. मग मला रात्रंदिवस एकच खटकत राहिलं. मी आयुष्यभर वर्गात किती आलेख काढले होते! प्रत्येक चढत्या रेघेला मी कौशल्य, शोध, शिस्त अशी चांगली नावं दिली होती. त्यातल्या किती ठिकाणी कुठेतरी पाचर ठोकलेली होती, हे आता मला कोण सांगणार?

प्रकाशकांकडच्या संपादकांना फोन करून मी प्रकरण थांबवायला सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. उदाहरण बदला. दुसरं कुठलंही चालेल."

आठवड्याने अण्णांनी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, "चल, चऱ्होलीला."

त्या दिवशी काकूची मुलगी घरी होती. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ती त्रेचाळीस-चव्वेचाळीसची, बोलण्यात नेमकी. तिला आईने सगळं सांगितलं असावं, कारण तिने अण्णांकडे पाहिलंही नाही. काकू समोरच्या खुर्चीत बसली. अण्णा म्हणाले, "वहिनी, चूक माझी व्हती. तुमची न्हवती."

काकू म्हणाली, "ते मला माहीत होतं भाऊजी. पण कागदावर माझी लिहिलीय."

"व्हय."

"तो कागद बदला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कारखाना बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली. मालक वारला. शेड पाडून तिथे आता टायरचं दुकान आणि वर मंगल कार्यालय आहे. तो कागद कुठे असेल, असेल का, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलं. काकू ऐकून म्हणाली, "मग दुसरा लिहा."

मुलगी मध्येच बोलली. "आई, आता कागद घेऊन काय करणार आहेस? आणि ताई, तुमच्या पुस्तकात आईचा हात कशाला हवाय? आधी झेप म्हणून वापरलात, आता जखम म्हणून वापराल. माझ्या ऑफिसातलं कुणी वाचलं तर त्यांना कळणार नाही का कोण ते?"

तिचं मला पटलं. मी म्हटलं, मी लिहिणार नाही.

"तू गप बस," काकू तिला म्हणाली. "हात माझाय." मग माझ्याकडे वळून, "तू लिही. हलगर्जी नव्हती, हे लिही. बाकी काय लिहायचं ते लिही."

मुलीने आतून एक कोरा कागद आणून टेबलावर ठेवला, जरा आपटूनच. अण्णांना सात-आठ ओळी लिहायला खूप वेळ लागला. डावं बटण माझ्या सांगण्यावरून पाचर ठोकून बंद केलं होतं, अपघात त्यामुळे झाला, कामगाराची कसलीही चूक नव्हती, आधीच्या कागदावर मी खोटं लिहिलं होतं. खाली सही. काकूने मुलीला तो मोठ्याने वाचायला लावला. मुलगी वाचताना "खोटं लिहिलं होतं" इथे अडखळली, पण पूर्ण वाचलं. काकूने कागदाची घडी घातली नाही, तो तसाच सपाट कपाटातल्या साड्यांखाली ठेवून आली. तिने अण्णांना माफ केलं असं म्हटलं नाही. अण्णांनीही ते मागितलं नाही. येताना तिने मला मेथीची जुडी दिली, अण्णांना नुसतं "सावकाश जा" म्हणाली.

चौथं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. आलेख तसाच ठेवला आणि खाली खरं कारण लिहिलं. संपादकांना ते पुस्तकात बसत नाही असं वाटलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. आधीच्या प्रकरणांत मी इतकी ठाम होते की हे प्रकरण दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं. मला ती ठाम प्रकरणं मागे घ्यायची नव्हती. अण्णांची पाच भावंडं गेली हे खरंच आहे. पुस्तक तसंच, जोड दिसणारं, छापून आलं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून विचारलं, तुम्ही वाढीच्या विरोधात कधीपासून गेलात? मी गेलेली नाही, हे त्याला पटवायला मला जमलं नाही. काकूची मुलगी माझ्याशी बोलत नाही. काकू फोन करते, पण मुलगी घरी नसताना.

माझा चुलतभाऊ आणि गावाकडची मंडळी अण्णांवर नव्हे, माझ्यावर नाराज आहेत. नाव न घालता का होईना, पण बापाला चव्हाट्यावर आणलंस, म्हणाले. अण्णांनी स्वतः पुस्तक भिंग घेऊन वाचलं, फक्त तेवढंच प्रकरण. वाचून झाल्यावर बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "वहिनींना पॅकिंगला घातल्यावर त्या प्रेसवर अजून दोघी व्हत्या. पाचर तशीच व्हती."

मी विचारलं, "तशीच ठेवली?"

"ट्रक उभा व्हता," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

त्या दोघींपैकी एकीला काही झालं नाही, असं त्यांना वाटतं. दुसरीबद्दल खात्री नाही. ती अचानक यायची बंद झाली होती एवढं त्यांना आठवतं. त्यांनी चौकशी केली नव्हती. आता त्यांना तिला शोधायचं आहे. गेल्या दोन रविवारी मी त्यांना भोसरीच्या जुन्या वस्तीत घेऊन गेले. चाळी पाडून तिथे उंच इमारती झाल्या आहेत, आणि तळमजल्यावरच्या दुकानदारांना तिथं आधी कोण राहत होतं हे माहीत नाही. एका म्हाताऱ्या मेकॅनिक चाचांना ती बाई आठवली. जालन्याकडची होती, म्हणाले, नवरा मिलमध्ये होता की रिक्षा चालवायचा. कुठे गेली ते त्यांना सांगता आलं नाही. अण्णांनी त्यांना विचारलं, "तिचा हात कसा व्हता, दिसला का कदी?" चाचांना ते आठवत नव्हतं.